घरातली मशीन आणि तिचा भरवसा

आपल्यासारख्यांच्या घरात शिलाई मशीन शोभेसाठी येत नाही. ती कमावती होऊन येते. कारखान्याला टाळे लागले, घरधन्याचा पगार थकला, घरात आजारपण शिरले, तरी मशीनची खडखड चालू राहिली म्हणून चूल पेटत राहिली, अशी घरे वाचक भगिनींनी आपापल्या वस्तीत पाहिली असतील. अशी मशीन बंद पडली की घरातले कमावते माणूसच अंथरुणाला खिळल्यासारखे होते. ज्यांचे कपडे कापून ठेवले आहेत ती गिऱ्हाइके दारात येतात, मुलीची फी भरायची तारीख जवळ येते, आणि मशीन मात्र कोपऱ्यात गप्प उभी असते.

आम्ही कल्याणच्या वालधुनी नदीकाठच्या एका वस्तीतल्या पाच जणी. एकाच गल्लीत राहतो, आणि पाचही जणी घरी बसून शिवणकाम करतो. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, साडीला फॉल-बिडिंग, जुन्या साड्यांच्या गोधड्या, जे काम येईल ते करतो. आमच्यातल्या थोरल्या मावशींनी मशीनवर पहिली टीप मारली त्याला पन्नास वर्षे होत आली, आणि सर्वांत धाकटीलाही बरीच वर्षे झाली. गल्लीत नवी सून आली किंवा कोणाच्या मुलीने शिवणक्लास संपवला की आम्हाला हमखास एकच प्रश्न येतो, "मावशी, कोणती मशीन घ्यावी? कोणती बिघडत नाही?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही पाच जणींनी एकत्र बसून, प्रत्येकीचा अनुभव ताडून पाहून काढले आहे. तेच आज इथे मांडतो.

प्रथम आमच्या मशिनींची ओळख करून देतो. थोरल्या मावशींची मशीन काळी, पायडलची, १९७४ साली त्यांच्या सासऱ्यांनी हप्त्याने घेतलेली. सासरे रेल्वेत खलाशी होते. दुसरीची मशीनही काळीच, लुधियानात बनलेली, १९९३ ची. तिसरीकडे टेलर मॉडेल आहे, म्हणजे शिंप्याच्या दुकानात असते तशी जरा जड मशीन, तिला नंतर मोटार बसवली. चौथीने विजेवरची, फुलापानांची नक्षी काढणारी, झिगझॅग शिलाईची पांढरी मशीन घेतली. एकदा २००३ साली आणि पुन्हा २०१६ साली. दोनदा का, ते पुढे सांगू. पाचवीची मशीन भंगारवाल्याकडून आली आहे. तिची हकीगतही पुढे येईल.

काळी मशीन पन्नास वर्षे कशी टिकते, असे नव्या मुली विचारतात. त्याचे उत्तर तिच्या घडणीत आहे. एक दोरा वरून आणि एक दोरा खालून येऊन एकमेकांत अडकतात, ही टीप अमेरिकेतल्या एलियस होवे या कारागिराने १८४६ साली पेटंट केली. पुढे १८५१ साली आयझॅक सिंगरने आपल्या मशीनचे पेटंट घेतले. मशीन हप्त्याने विकण्याची पद्धतही सिंगर कंपनीनेच त्या दशकात रूढ केली, आणि त्याच पद्धतीने ती आमच्या मावशींच्या सासऱ्यांसारख्या माणसाच्या घरापर्यंत पोहोचली. आपल्याकडे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात 'उषा' मशीन बनवायला घेतली, आणि पुढे लुधियानात लहान-लहान कारखान्यांनी मशिनी व सुटे भाग बनवण्याचा मोठा उद्योग उभा केला.

यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की, घरगुती काळ्या मशिनींपैकी बहुतेक सिंगरच्या एकाच जुन्या नमुन्यावर, 'पंधरा नंबर'च्या नमुन्यावर बेतलेल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपाननेही हाच नमुना उचलला. त्यामुळे नाव कोणतेही असो, एकीची बॉबिन दुसरीला चालते, बॉबिन केस चालते, सुई चालते, दाबपाय चालतो. आमच्या गल्लीत रात्री दहा वाजता एकीच्या बॉबिन केसची पट्टी तुटली तर ती शेजारणीची केस मागून आणते आणि काम पुरे करते. दुसरी गोष्ट म्हणजे या मशीनमध्ये सगळे लोखंड आणि पोलाद आहे, आणि सगळे स्क्रूने बसवलेले आहे. जे स्क्रूने बसले ते स्क्रूने निघते. झिजलेला भाग काढावा, नवा घालावा. १९७४ च्या मशीनमध्ये आज मूळचे काय राहिले, असे आम्ही मावशींना चेष्टेने विचारतो. त्या म्हणतात, "डोकं तेच आहे गं, बाकी माणसासारखं आहे, दात बदलले, चष्मा बदलला."

या घडणीची खरी परीक्षा २६ जुलै २००५ ला झाली. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि इकडे आमच्या भागातही उल्हास व वालधुनी नद्या घरात शिरल्या. आम्ही मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन शाळेच्या वरच्या मजल्यावर गेलो. कागदपत्रे, थोडे धान्य आणि बाबासाहेबांचा फोटो एवढेच हाती लागले. मशिनी उचलण्याइतका वेळ कोणालाच मिळाला नाही. दोन दिवसांनी पाणी ओसरले तेव्हा घरात वीतभर चिखल होता, आणि त्या चिखलात आमच्या चार मशिनी उभ्या होत्या. पाचवीकडे तेव्हा मशीनच नव्हती. ती दुसऱ्यांकडे काज-बटण करून पोट भरत होती.

आमचे मिस्त्रीकाका तिसऱ्या दिवशी स्वतः होऊन आले. हे काका स्टेशनजवळ एका टपरीत मशिनी दुरुस्त करायचे. ते म्हणाले, "रडू नका, आणि उन्हातही टाकू नका. चिखल वाळला की दगड होतो." त्यांनी सांगितले तसे आम्ही केले. बिजागरीचे स्क्रू सैल करून मशिनींची डोकी लाकडावरून उतरवली. आधी स्वच्छ पाण्याने चिखल धुतला. मग पत्र्याच्या परातीत रॉकेल घेऊन डोकी त्यात ठेवली, दात घासायच्या ब्रशने सांधा न् सांधा घासला, आणि हाताचे चाक पुढे-मागे हलवत राहिलो. पहिल्या दिवशी चाक हललेच नाही. दुसऱ्या दिवशी थोडे हलले. काळे पाणी निघाले, मग तांबडे, मग स्वच्छ. शेवटी पुसून कोरडे केले आणि प्रत्येक छिद्रात मशीनचे तेल सोडले. भुश्याच्या फळीची टेबले फुगून वाया गेली होती. एका सुतारभाऊंनी साध्या फळ्या ठोकून दिल्या. चामड्याचे पट्टे नवे घातले. नवव्या दिवशी तीन काळ्या मशिनी चालू झाल्या.

चौथीची मशीन मात्र उठली नाही. तिच्या पोटात मोटार होती, तारा होत्या, आतले दातेरी चाक प्लास्टिकचे होते, आणि सगळे एका बंद डब्यात. काकांनी ती उघडली, दोन दिवस खटपट केली, आणि हात जोडले. जी मोटार लागत होती तिची किंमत मशीनच्या निम्म्या किमतीएवढी होती, आणि ती बसवूनही बाकीच्या गंजलेल्या भागांची खात्री नव्हती. दोन वर्षांची मशीन भंगारात गेली.

त्या ऑगस्टमध्ये आमच्या तीन काळ्या मशिनींनी वस्ती सावरायला हातभार लावला. सगळ्यांचे कपडे वाहून गेले होते किंवा कुजले होते. मुलांना शाळेत जायचे होते. मदत म्हणून आलेले मोठ्या मापाचे कपडे आम्ही उसवून लहान केले, चादरी जोडून गोधड्या केल्या. अनेक दिवस वीज नव्हती, पण पायडलला वीज लागत नाही. तीन मशिनींवर पाच जणी पाळीपाळीने बसायच्या. जिची मशीन गेली होती तीही आमच्या मशीनवर बसून आपले घर चालवत होती.

त्याच वर्षअखेर पाचवीला भंगारवाल्याच्या ढिगात एक काळे डोके दिसले. पुराच्या पाण्यातून आलेले, गंजून तांबडे झालेले. साडेतीनशे रुपयांना तिने ते घेतले. काकांनी एक महिना सवडीसवडीने त्यावर काम केले, खालचे लोखंडी पायडल दुसऱ्या एका मोडक्या मशीनचे लावले. त्या मशीनवर तिने दोन मुलांची शिक्षणे केली. मोठी मुलगी आज नर्स आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, या बायकांना जुने तेच सोने वाटते. तसे नाही. विजेच्या मशीनचे गुण आम्ही नाकारत नाही. काळी मशीन फक्त सरळ टीप मारते. झिगझॅग, काज, ताणले जाणारे होजिअरीचे कापड ही कामे तिला जमत नाहीत. कापडाची कड न गोवता सोडली तर धागे निघतात, आणि आजचे गिऱ्हाईक आतली बाजूही उलटून बघते. शिवाय दिवसभर पायडल मारून गुडघे आणि कंबर धरते, ते दुखणे थोरल्या मावशींना विचारावे. म्हणूनच आमच्या चौथीने २०१६ साली पुन्हा विजेचीच मशीन घेतली. तिच्याकडे झिगझॅग आणि पिकोचे काम येते, आणि त्या कामाला मजुरी बरी मिळते. तिचा निर्णय बरोबरच होता.

पण २०१७ सालच्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिच्या मशीनचे आतले प्लास्टिकचे दातेरी चाक तडकले. आपल्याकडे १४ एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे शिवणाऱ्या बाईची सुगी. घरोघरी नवे कपडे, बायकांचे पांढरे ब्लाऊज, लहान मुलांचे निळे-पांढरे झबले, आणि त्यापाठोपाठ वैशाख पौर्णिमेची पांढरी वस्त्रे. ऐन त्या दिवसांत मशीन थांबली. दुकानदार म्हणाला, भाग मागवावा लागेल, वीस-पंचवीस दिवस लागतील. वॉरंटी दोन वर्षांची होती आणि एकच वर्ष झाले होते. तरी तो वर म्हणाला, "तुम्ही मशीन धंद्याला वापरलीत, कार्डावर घरगुती वापरासाठी लिहिले आहे, दुरुस्तीचे पैसे द्यावे लागतील."

इथे माता-भगिनींनी नीट लक्ष द्यावे, कारण ही अडचण पुष्कळ जणींना येते. घरगुती मशिनींच्या वॉरंटी कार्डावर अशी अट अनेकदा असते. म्हणून विकत घेतानाच कार्ड कोणाकडून तरी पूर्ण वाचून घ्यावे, आणि "मी पैसे घेऊन शिवणार आहे, चालेल का?" हे दुकानदाराला स्पष्ट विचारून पावतीवर लिहून घ्यावे. पण "तुम्ही धंदा करता, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही" असे कोणी म्हणाले तर ते खरे मानू नये. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १९९३ साली एक खुलासा घातला गेला. जो माणूस स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका करण्यासाठी वस्तू विकत घेऊन वापरतो, त्याचा तो वापर 'व्यापारी कारण' मानला जात नाही. म्हणजे घरी बसून एका मशीनवर पोट भरणारी बाई ही कायद्याने ग्राहकच आहे. नवा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, त्यातही ही तरतूद कायम आहे. या कायद्याप्रमाणे आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पावती मात्र जपून ठेवली पाहिजे. पावती नसेल तर बोलणे राहते, पुरावा राहत नाही.

आम्ही पाच जणींनी मिळून अर्ज लिहिला, कॉलेजात जाणाऱ्या एका भाच्याने तो नीट उतरवून दिला, आणि रजिस्टर पोस्टाने दुकानदाराला व कंपनीला धाडला. त्यात कायद्याचा उल्लेख केला. तीन आठवड्यांत चाक फुकट बदलून मिळाले. पण तोपर्यंत जयंती होऊन गेली होती. बावीस ब्लाऊजचे काम दुसरीकडे गेले. हक्क मिळाला, हंगाम मात्र गेला तो गेलाच.

याच अनुभवातून आमचे उत्तर तयार झाले. न बिघडणारी मशीन अशी कोणती नसतेच. लोखंड झिजते, प्लास्टिक तडकते, वीज जाते. आपल्या घराला भरवशाची मशीन ती, जी सकाळी बिघडली तर संध्याकाळी आपल्या वस्तीतच दुरुस्त होऊन पुन्हा चालू लागते. म्हणून दुकानात गेल्यावर "यात टाके किती प्रकारचे?" हे नंतर विचारावे. आधी विचारावे, "हिचे सुटे भाग कुठे मिळतात? किती दिवसांत मिळतात? इथल्या मिस्त्रीला ही उघडता येते का?" दुकानदाराचे ऐकण्याआधी आपल्या भागातल्या मिस्त्रीला गाठावे आणि त्यालाच विचारावे, तू कोणती मशीन डोळे मिटून दुरुस्त करशील? तो जे नाव सांगेल ते आपल्यासाठी चांगले.

ज्या घराची चूल एकाच मशीनवर आहे, तिथे पहिली मशीन काळी, सरळ टिपेची घ्यावी असे आमचे मत आहे. गुडघे दुखत असतील तर तिलाच बाहेरून लहान मोटार लावता येते. आमच्या तिसरीने तेच केले. मोटार जळाली तर पट्टा काढून पुन्हा पायडलला घालायचा, काम थांबत नाही. पुढे चार पैसे साठले की झिगझॅगसाठी विजेची दुसरी मशीन घ्यावी, आणि जड जीन्स किंवा ताडपत्रीसारखे काम तिच्यावर टाकू नये.

जुनी मशीन घेताना काकांनी शिकवलेल्या चार गोष्टी आम्ही पाहतो. हाताचे चाक धरून हलवावे, ते खडखडले तर आतले बूश झिजले आहे. सुईची दांडी बोटाने डावी-उजवी हलवून पाहावी, फार हलली तर टाके सुटणार. मशीन मागे कलती करून खालची बाजू पाहावी, शटल फिरते तिथे खोल गंज नसावा आणि कापड पुढे सरकवणारे दाते बोटाला टोचले पाहिजेत. शेवटी आपल्या घरचे दोन तऱ्हेचे कापड न्यावे, एक पातळ, एक जाड, आणि स्वतः टीप मारून पाहावी. दुकानदाराने दाखवलेल्या कडक कापडावर सगळ्याच मशिनी छान चालतात.

आता दुरुस्तीबद्दल. काका नेहमी म्हणायचे, "माझ्याकडे दहा मशिनी येतात, त्यांतल्या सहा-सात आजारी नसतात, उपाशी असतात." म्हणजे तेल नसते, सुई बोथट असते, किंवा पोटात सुताचा बुरा साठलेला असतो. टाके सुटत असतील तर आधी सुई बदलावी. सुई काचेवर आडवी ठेवून पाहिली की वाकलेली लगेच कळते. पातळ कापडाला ११ नंबर, नेहमीच्या सुती कापडाला १४, जाडाला १६, जीन्सला १८, हे ध्यानात ठेवावे. सुईची सपाट बाजू काळ्या मशीनमध्ये बाजूला येते, झिगझॅग मशीनमध्ये बहुधा मागे. ती उलटी बसली तर टाकाच पडत नाही, आणि मुली समजतात मशीन बिघडली.

कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होत असेल तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. दाबपाय वर उचलून, दोरा काढून पुन्हा पहिल्यापासून ओवावा. पाय वर असला की टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यात नीट बसतो. बॉबिनचा ताण पाहायचा तर दोऱ्याला धरून केस लोंबकळत ठेवावी. स्वतःहून खाली येऊ नये, हाताला हलका झटका दिला की थोडीशी उतरावी. दात्यांवरची पत्री आठवड्यातून एकदा काढून ब्रशने बुरा झाडावा. तो बुरा तेलात भिजून नमद्यासारखा घट्ट होतो आणि दाते कापड सरकवत नाहीत.

आणि तेल. रोज दिवसभर शिवणारीने रोज, थोडेफार शिवणारीने आठवड्याला, प्रत्येक छिद्रात एक-एक थेंब सोडावा, आणि नंतर चिंधीवर दोन टिपा माराव्यात म्हणजे कपड्याला डाग पडत नाही. तेल मशीनचेच असावे. खोबरेल किंवा गोडेतेल कधी घालू नये. ते वाळून चिकटा होतो आणि मशीन जड चालते. विजेच्या मशीनला कुठे तेल घालावे आणि कुठे नाही हे तिच्या माहितीपुस्तकात असते, तेवढे वाचून घ्यावे. आणि विजेची मशीन अडकली असताना पाय दाबून धरू नये, तसे केल्यानेच मोटार जळते. पाय काढावा, प्लग काढावा, मग गुंता सोडवावा. पावसाळ्यात आम्ही मशीनवर सुती कापड झाकतो. प्लास्टिक झाकले तर आत दमटपणा कोंडतो आणि गंज चढतो.

सरकारी मदतीने मशीन घेणाऱ्या भगिनींसाठीही दोन शब्द. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा कामांत शिंपीकाम आहे, आणि त्यात अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत ठेवलेली आहे. अशा मदतीतून मशीन मिळो किंवा महिला मंडळाकडून मिळो, फुकटची म्हणून तपासायचे सोडू नये. घरी आणल्या दिवशीच जाड-पातळ कापडावर चालवून पाहावी, कागद जपावेत, आणि भाग कुठे मिळतात ते त्याच दिवशी विचारून ठेवावे.

एक काळजी मात्र आम्हाला आहे. आमचे मिस्त्रीकाका २०२१ मध्ये वारले. त्यांच्या मुलाने हे काम धरले नाही, त्यात मिळकत नाही म्हणतो, आणि त्याला नावे ठेवता येत नाहीत. टपरी गेली. मशीन कितीही भरवशाची असली तरी ती उघडणारा हात उरला नाही तर तिचा भरवसा कसला? काळ्या मशीनचे भाग आज कल्याणच्या बाजारात मिळतात, पण बसवणारे कमी झाले आहेत.

म्हणून गेल्या दोन वर्षांपासून आम्ही एक काम सुरू केले आहे. काकांनी जाण्याआधी आमच्यातल्या पाचवीला बरेच शिकवले होते. भंगारातले डोके जोडताना ती त्यांच्या शेजारी महिनाभर बसली होती, त्यामुळे तिला आतला सांधा न् सांधा माहीत आहे. दर रविवारी दुपारी ती गल्लीतल्या मुलींना मशीन उघडायला शिकवते. सहा मुली येतात, आणि एक मुलगाही येतो. आधी मुली घाबरायच्या, स्क्रू काढला तर परत बसेल का म्हणायच्या. आता त्या शटल काढतात, पुसतात, बसवतात, पट्टा कापून आखूड करून जोडतात. परवा त्यातल्या एकीने शेजारच्या वस्तीत जाऊन एक मशीन चालू करून दिली आणि दीडशे रुपये आणले. "बायकांना शिवता येतं, दुरुस्ती पुरुषांचं काम" असे म्हणणारे अजून आहेत. त्या मुलीने दीडशे रुपये आईच्या हातावर ठेवले, त्या घरात आता हे कोणी म्हणत नाही.

आपल्या वस्तीतही हे होऊ शकते. एक पेचकस, एक ब्रश, तेलाची एक कुपी आणि जुन्या पिढीतली एखादी जाणती बाई किंवा जाणता मिस्त्री, एवढ्यावर सुरुवात होते. त्यांना त्यांच्या हयातीतच विचारून घ्या. येत्या रविवारी आपापल्या मशीनची पत्री काढा, आतला बुरा झाडा, छिद्रांत तेल सोडा, आणि हे करताना घरातल्या मुलीला शेजारी बसवा.